मागचे तीन मणी

हरिहर मास्तरांनी टोपी खुंटीला अडकवली आणि टोपी खाली पडली. आता यात मोठंसं काय? माणसाच्या हातून टोपी पडते. पण मास्तर हात वर तसाच ठेवून उभे राहिले, वर्गात पोरांना उभं करावं तसे. खुंटी समोर दिसत होती. लाकडी, तेलकट, राजापेठेतल्या त्या भाड्याच्या घरात ते राहायला आले तेव्हापासून ह्याच भिंतीत ठोकलेली. आणि तरी ती वीतभर पलीकडं होती, टोपी ठेवली गेली होती हवेत. गोदावरी स्वयंपाकघरातून आली, तिनं टोपी उचलली, झटकली आणि खुंटीला लावली. जाता जाता एकदा नवऱ्याकडं पाहिलं, आणि ते पाहणं मास्तरांना पाठीत बसलं. कळलं हिला, त्यांना वाटलं. शंभर टक्के कळलं.

कळण्यासारखं होतं ते एवढंच, की मास्तरांचा डावा डोळा गेला होता. पोळ्याच्या सुमाराला आधी काळे ठिपके नाचायला लागले, मग एका बाजूनं सावली सरकत आली, आणि एके सकाळी तोंड धुताना उजवा डोळा चोळता चोळता ध्यानात आलं की डावीकडं कुणी दिवाच मालवलाय. अमरावतीत डोळ्यांचे डॉक्टर नव्हते असं थोडंच आहे? पण राजापेठेत माणूस सकाळी शिंकला तर संध्याकाळी चौकात त्याच्या सर्दीची चौकशी होते. म्हणून मास्तरांनी घरी सांगितलं, चित्रकलेच्या परीक्षेचं काम निघालंय, आणि बडनेऱ्याहून गाडी धरून अकोला गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यात बॅटरी मारली आणि सांगितलं, "आतला पडदा सुटलाय, मास्तर. उशीर केलात. आता त्याच्यात हात घालण्यात अर्थ नाही. उजवा मात्र ठणठणीत आहे." मास्तरांनी आरशात पाहिलं तर दोन्ही डोळे अगदी सारखे, घारे, शहाणे. बाहेरून कुणाला काही म्हणता काही कळू नये. "अंतराचा अंदाज चुकेल काही दिवस," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "एका डोळ्याला जग सपाट दिसतं. होईल सवय." सपाट! इतकी वर्षं मास्तर सपाट कागदावर खोली आणायला पोरांना शिकवत होते. टेबलावर घडवंची, घडवंचीवर तांब्या, तांब्याच्या मागं पुस्तक. आता उलटंच झालं, सगळं जगच वस्तुचित्र होऊन बसलं. पुढं एकदा उगीचच, काही इलाज निघतो का म्हणून, ते पुन्हा अकोल्याला गेले. इलाज निघाला नाही. मग घरी यायचं जिवावर आलं म्हणून स्टेशनाच्या बाकड्यावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिले, आणि येताना गोदावरीसाठी, सण नाही वार नाही, एक इरकली खण घेऊन आले. गोदावरीनं खण पाहिला, घडी मोडली नाही, आणि ट्रंकेत टाकला.

सांगून टाकायचं की, असं कुणी म्हणेल. बायको आहे, वैरीण थोडीच आहे? पण सांगायचं म्हटलं की मास्तरांच्या घशाशी एकच शब्द येऊन बसायचा, काणा. अंजनगाव सुर्जीला, त्यांच्या लहानपणी, शालिकराम नावाचा माणूस विड्याच्या पानांची टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरायचा. एक डोळा पांढरा, फूल पडलेला. मास्तरांचे वडील भिक्षुक. सकाळी धोतर-उपरणं करून ते एखाद्याच्या घरी पूजेला निघाले आणि शालिकराम आडवा आला, की वडील तसेच मागं वळत, घरी येऊन पाटावर बसत, पाणी पीत, आणि मग पुन्हा निघत. शिवी नाही, राग नाही. जशी चप्पल पायात घालायची तसंच हे. पोरं मात्र टोपलीमागं 'काण्या, काण्या' करत धावायची, आणि त्या पोरांत छोटा हरिहरही असायचा, मागं कशाला राहील? पण खरी टोचणारी गोष्ट ती नव्हती. टोचायचं ते हे, की पुढं पुढं शालिकराम स्वतःच शहाणा झाला. लांबून गुरुजींचं उपरणं दिसलं, की तो आपणहून बोळात शिरायचा आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा, गुरुजी पार जाईपर्यंत. वडील म्हणायचे, "गुणी आहे बिचारा." आता रोज सकाळी शाळेत जाताना शेजारचे वकील कोर्टाला निघालेले दिसले, की हरिहर मास्तरांचे पाय आपोआप बोळाकडं वळायला लागायचे. ते पाय आवरताना त्यांना घाम फुटायचा.

हे सगळं एकवेळ निभावलं असतं. पण फाल्गुनात धामणगाव रेल्वेला शालूचं लग्न होतं. शालू म्हणजे गोदावरीची पाठची बहीण. सासरे जाऊन चार-पाच वर्षं झालेली, मेहुणा नावाला नाही, तेव्हा कन्यादान मोठ्या जावयानं करायचं हे आधीच ठरून गेलेलं. आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन! साऱ्या वऱ्हाडासमोर नवरदेवाला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, आणि कपाळाला गंध लावायचं. मास्तरांच्या डोळ्यासमोर, म्हणजे जो होता त्याच्यासमोर, ते चित्र दिवसातून दहादा यायचं. आपलं बोट पुढं चाललंय, कपाळ अजून लांब आहे असं वाटतंय, आणि बोट गेलं नवरदेवाच्या डोळ्यात. किंवा त्याहून वाईट, बोट हवेतच टेकलं, आणि आपण हवेला गंध लावतोय, आणि मांडव बघतोय. मग कुणीतरी म्हणेलच, अरे, मास्तर काणा आहे काय? व्यंग असलेल्या माणसाकडून कन्यादान करवलं? व्यंग असलेल्यानं मंगलकार्याला हात लावू नये, हे वडिलांचं शास्त्र तर कानात होतंच. शालूच्या संसाराला आपल्यामुळं पहिल्याच दिवशी गालबोट लागायचं, ह्या भीतीनं मास्तरांचं जेवण तुटलं.

घरात त्या दिवसांत रुखवताची धामधूम होती. गोदावरीच्या मनानं घेतलं होतं, की बहिणीच्या रुखवतात मण्यांचं तुळशीवृंदावन मांडायचं. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं नाही, आतून तार नाही, नुसते काचमणी आणि मेण लावलेला दोरा, आणि तरी उभं राहिलं पाहिजे. मण्यांची सपाट वीण तिला यायची. तोरणं, पंखे, पिशव्या, सगळं करून झालेलं. पण ही उभी वीण, चौकोनी खोके एकावर एक चढवत जाणारी, यायची ती केशरबाईंना. केशरबाई मास्तरांच्याच शाळेत मुलींच्या बाजूला शिवण आणि हस्तकला शिकवत. ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्या आलेल्या, आवाज खणखणीत, तोंडावर बोलण्यात पटाईत. शनिवारी शाळा सुटली की त्या थेट मास्तरांच्या घरी यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मास्तरांना उगीच धाकधूक, आपली आई असती तर तिनं कप निराळा काढला असता, आता ही काय करते? गोदावरीनं घरातल्याच कपात चहा दिला, आणि स्वतः त्यांच्या मांडीला मांडी लावून सतरंजीवर बसली. मास्तरांचा एक घोर तरी कमी झाला.

"हे पाहा वयनी," केशरबाई शिकवत, "हे खालचे चार मणी, ही झाली जमीन. आता भिंत. पह्यल्या भिंतीले तीन मणी घ्या, कावून की चौथा जमिनीचा हाये. दुसऱ्या भिंतीले दोनच. एक जमिनीचा, एक शेजारच्या भिंतीचा. नवी भिंत कायले बांधता, शेजाऱ्याची हाये न!" गोदावरीचं डोकं चालायचं, पण हात गोंधळायचे, खोका हातात उलटा झाला की जमीन कुठली आणि भिंत कुठली, काही केल्या उमगेना. शेवटी ती म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे ड्रॉइंगमास्तर. ह्याचं चित्र काढून द्या ना मला. कोणता मणी कुठं ते समोर दिसेल." बायकोनं बऱ्याच दिवसांत आपणहून काही मागितलं होतं. मास्तरांनी कागद घेतला आणि झकास घन काढला. प्रत्येक कडेला एक मणी, मण्याला छाया, छायेला उजेड. बायका वाहवा म्हणाल्या. मग मास्तरांना काय अवदसा आठवली कोण जाणे, म्हणाले, "आणा इकडं, मी ओवूनच दाखवतो." चित्र समोर ठेवून, शास्त्रशुद्ध, एकेक मणी मोजून घेतला. खोका काही उभा राहीना. सैल पडला, लोळला, तळहातावर मेलेल्या गोमेसारखा पसरला. केशरबाईंनी तो उचलून उजेडात धरला आणि एकदम फिस्सकन हसल्या. "मास्तर, मांगचे तीन कुठी हायेत?"

"मागचे कोणते?"

"मांगचे! चित्रात पुढचे नऊ दिसते, तेवढेच तुमी ओवले. अन् जे दिसत नाही, ते काय नाहीतच?"

गोदावरीही हसली. मोठ्यानं, ओठाला पदर न लावता. मास्तरांनाही हसू यायला हवं होतं. ड्रॉइंगमास्तरच करू जाणे अशी ती चूक. पण त्यांच्या मनात ती वेगळीच जाऊन रुतली. जे दिसत नाही ते काय नाहीतच? अर्धं जग डावीकडं बुडालं होतं. भिंत होती, बोळ होता, गोदावरी जेवायला वाढताना डाव्या बाजूला उभी राहायची ती होती, आणि तरी गेले सहा महिने ते असे वागत होते की उजव्या डोळ्याला दिसतं तेवढंच शिल्लक आहे. बाकीचं गेलं. आणि तेवढ्यात दुसरा विचार, अगदी व्यवहारी, एखाद्या पोराला परीक्षेच्या आधी सुचावा तसा. सुई मण्याच्या भोकात गेली, तर बोट कपाळापर्यंत का जाणार नाही? दोन्ही अंतराचेच प्रश्न. एक लहान, एक मोठा.

तेव्हापासून गोदावरी दळणाला किंवा शेजारी हळदीकुंकवाला गेली, की मास्तर गॅलरीत मण्यांची वाटी घेऊन बसायला लागले. घरचा पुरुष, ड्रॉइंगमास्तर, आणि हातात बायकांचं काम. खाली रस्त्यावरून कुणी वर पाहिलं तर गंमतच. पण लाज वाटायला सवड नव्हती. सुई मण्याच्या अलीकडंच हवेत टोचायची. कधी पलीकडून जायची. कधी बोटात. मास्तर चरफडायचे, पाणी पिऊन यायचे, पुन्हा बसायचे. दोन बोटांत धरलेला मणी उजेडात लालचुटुक पेटायचा, पण तो जवळ आहे की लांब, हे काही केल्या सांगायचा नाही. एकदा असंच चालू असताना केशरबाई अवचित जिना चढून वर आल्या. गोदावरीला दोरा द्यायला. मास्तरांनी वाटी धोतराखाली सरकवली, ती लवंडली, आणि मणी टणाटणा साऱ्या गॅलरीभर. केशरबाई खाली बसून मणी वेचायला लागल्या. "डोये मिटून करा," त्या वर न पाहता म्हणाल्या. मास्तरांनी चटकन मान वर केली. "का? डोळ्यांचं काय?" "डोयाचं काय राह्यते? आमच्या टीचरनं आमाले असंच शिकवलं. डोया धावते मोरं, हात राह्यते मांगं. मण्याच्या मांगं नख धरा. सुई नखाले लागली का समजा आरपार गेली."

मास्तरांनी मणी वेचता वेचता, आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "केशरबाई, तुम्ही कुठं कामाला निघालात आणि काणा माणूस आडवा आला, तर परत फिरता काय हो?" केशरबाईंनी हातातले मणी वाटीत टाकले आणि मास्तरांकडं, दोन्ही डोळ्यांनी, नीट पाहिलं. "शकुन-अपशकुन आमी छप्पन सालीच नागपूरले सोडून आलो, मास्तर. पण सोडले नसते, तरी कायले फिरू? त्याचा डोया गेला. माहा रस्ता कुठी गेला?" त्या एवढं बोलून दोरा ठेवून निघूनही गेल्या. किती सोपं! अंजनगावच्या त्या बोळात भिंतीकडं तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला हे एक वाक्य कुणी ऐकवायला हवं होतं. त्याला वळवून, खांद्याला धरून, रस्त्याच्या मधोमध आणून. त्याचा रस्ताही कुठं गेला नव्हता. मास्तरांना एकदम मोकळं वाटलं, छातीवर कुणी बसलेलं उठून गेलं म्हणजे वाटतं तसं.

आणि हात वळायला लागला. रोज थोडा. डोळे मिटले की मणी आपली जागा सांगायचा. नख त्याच्या पाठीशी, सुई पुढून, आणि नखाला बारीकशी टोच लागली की झालं. जमीन. भिंत. शेजारची भिंत. चौथ्या भिंतीला एकच मणी, कारण तिला तिन्ही बाजूंनी शेजार. आणि छपराला तर काहीच नाही, वरचे चार मणी दोऱ्यानं ओढून घेतले की छप्पर आपोआप. एका रविवारी दुपारी, गोदावरी आत ज्वारी निवडत बसलेली, मास्तरांनी दोरा ओढला आणि तळहातावर काहीतरी टणक उभं राहिलं. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. चिमटीत धरून फिरवलं. पुढची बाजू होती. मागची होती. जी आजवर एकाही वस्तुचित्रात त्यांना दाखवता आली नव्हती, ती बोटाखाली होती, पुढच्याइतकीच खरी. मास्तरांचे मिटलेले डोळे भरून आले, दोन्ही. म्हणजे डाव्याला रडता येत होतं अजून. त्यांना हसूच आलं. आता सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्या पावली उठून आत गेले, नाहीतर पुन्हा पाय वळले असते.

"ऐकतेस का," ते सुपासमोर बसत म्हणाले. "मला तुला सांगायचंय. अकोल्याचं."

गोदावरीचा हात सुपातच थांबला. ती एकदम पांढरी पडली. "सांगा," ती म्हणाली. "एकदाचं सांगूनच टाका. मला सगळं माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"बायकोला कळत नाही होय? दिवाळीच्या आधीपासून पाहून राहिले मी. जेवणात लक्ष नाही, माझ्याकडं धड पाहत नाही, परीक्षा नसताना परीक्षेची कामं. आणि तो खण! कारण नसताना खण आणणाऱ्या नवऱ्याला काय म्हणतात, ते मला आईनं शिकवून पाठवलंय." तिचा आवाज फुटला. "नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"अकोल्यात ठेवली आहे, तिचं!"

इतके दिवस ती जे पाहणं पाहत होती, पाठीत बसणारं, ते हे होतं! आपल्या अंगावर पडलेला डोंगर एवढा मोठा, की त्याच्या पलीकडं ही आपला वेगळा डोंगर डोक्यावर घेऊन बसलीय, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. "अगं वेडे," त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "डोळा गेलाय माझा. डावा. डॉक्टरकडं जात होतो."

"डोळा?"

"डोळा."

"नुसता डोळा?"

"नुसता काय! आख्खा गेलाय, काही दिसत नाही त्यातून."

सूप कलंडलं. ज्वारी सगळ्या घरभर झाली आणि गोदावरी त्या ज्वारीत बसून हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, पुढंमागं डोलत. "डोळाच ना! अगं बाई! मी म्हणते डोळाच ना!" मास्तरांना राग यावा की काय यावं, कळेना, नवऱ्याचा डोळा जातो आणि बायको पेढे वाटायच्या बेतात! पण ते हसू असं काही आतून येत होतं की तेही हसायला लागले. सहा महिने ज्या शब्दाला घाबरून ते बोळ धुंडत होते, तो शब्द ह्या बाईला आनंदाची बातमी होती. मग तिचं हसू ओसरलं. ती पुढं सरकली, आणि तिनं आपला तळहात त्यांच्या उजव्या डोळ्यावर घट्ट धरला. हाताला ज्वारीचा भुसा लागलेला. "आता दिसते मी?" तिनं हळूच विचारलं. "नाही," मास्तर म्हणाले. हात तसाच राहिला, आणि त्या अंधारात त्यांना ती रडताना ऐकू आली, आता खरं, डोळ्यासाठी. "एकटे गेलात," ती म्हणत होती. "ते ऐकायला एकटे जाऊन बसलात."

मग मास्तरांनी उरलंसुरलं सगळं सांगितलं. गंधाचं, नवरदेवाच्या डोळ्याचं, वडिलांच्या शास्त्राचं. गोदावरीनं नाक पुसलं. "आईला आणि शालूला मी स्वतः सांगते. त्यांची ना असली, तर तेव्हा पाहू," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी धामणगावला जाऊन सांगूनही आली. शालूनं 'भाऊजीच हवेत' म्हणून हात जोडले, आणि सासूबाई म्हणाल्या म्हणे, "जावई काय डोळे मोजून केला होता आम्ही?" एवढ्यावर ते मिटलं. राहता राहिलं गंध. "त्याचं काय एवढं?" गोदावरी म्हणाली. "पूजेत नवऱ्याच्या हाताला बायकोनं हात लावायचाच असतो ना? मग मी नुसता लावणार नाही. जिकडं न्यायचा तिकडं नेईन."

धामणगावला मांडव माणसांनी फुलून गेला होता. नवरदेव पाटावर बसला, गुरुजींनी मंत्र म्हटले, आणि मास्तरांनी गंधात बोट बुडवून हात उचलला. कपाळ समोर होतं, सपाट, कुठंतरी. कोपराखाली गोदावरीचा हात होता. थोडं पुढं, त्या हातानं सांगितलं. अजून. किंचित वर. मास्तरांनी सरळ डोळे मिटून घेतले. बोट टेकलं. खाली घामेजलेलं, कोवळं, खरंखुरं कपाळ होतं. त्यांनी श्वास सोडला, गंधाचं बोट सावकाश ओढलं, अक्षता लावल्या. वरपक्षाकडच्या बायकांत कुजबुज झाली, आणि एक धीट मावशी मोठ्यानं म्हणाली, "पाह्यलं काय वो, मास्तरीणबाईले नवऱ्याचा हात घडीभर सोडवत नाही!" सारा मांडव हसला. गोदावरी कानापर्यंत लाल झाली, पण हात तिनं सोडला नाही.